नऊ दिवसांचा रस्ता बारा महिने द्या

प्रति,
माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई

विषय : काळा घोडा महोत्सवातून शहराला दरवर्षी काहीतरी कायमचे मिळावे याबाबत

महोदय,



काळा घोडा कला महोत्सवाची शेवटची रात्र कामगारांची असते. अखेरचा कार्यक्रम उरकतो, गर्दी चर्चगेट आणि सीएसएमटीच्या दिशेने पांगते, आणि के. दुभाष मार्गावर, ज्याला बहुतेक मुंबईकर अजून रॅम्पार्ट रो म्हणतात तिथे, टेम्पो लागतात. ज्यांच्यासमोर लोकांनी नऊ दिवस फोटोसाठी रांगा लावल्या ती मांडणशिल्पे रातोरात सुटी होतात. लोखंडी पाइप भंगारात जातात, प्लायचे तुकडे पुढच्या कुठल्या तरी स्टॉलला लागतात, फ्लेक्स गुंडाळले जातात, बांबू मंडपवाला परत नेतो. दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा मोटारींचा झालेला असतो.

मी उपयोजित कला शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांनी या रस्त्यासाठी वस्तू बनवल्या आहेत आणि स्वतःच्या हातांनी त्या उतरवल्याही आहेत. स्क्रू काढता काढता कुणीतरी विचारतेच, "सर, हे इथेच राहिलं तर काय बिघडेल?" या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयाकडे नाही आणि महोत्सव भरवणाऱ्या संस्थेकडेही नाही. रस्ता महापालिकेचा आहे, पदपथ महापालिकेचा आहे, दिव्याचा खांब आणि नावाची पाटी हाही कारभार सरकारी आहे. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

काळा घोडा असोसिएशन १९९८ मध्ये स्थापन झाली आणि पहिला महोत्सव १९९९ मध्ये भरला. मधला कोरोनाचा खंड सोडला तर हिवाळा सरता सरता नऊ दिवस हा परिसर माणसांनी भरून जातो. प्रवेश फुकट असतो, आणि या शहरात ही गोष्ट लहान नाही. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत साहित्यावर गप्पा चालतात, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात मुले मातीत हात घालतात, हॉर्निमन सर्कल आणि क्रॉस मैदानावर गाणे आणि नाच होतो, आणि रॅम्पार्ट रोवर कारागिरांचे स्टॉल आणि मांडणशिल्पे असतात. नगररचना आणि वास्तुकला यांचा वेगळा विभाग महोत्सवात आहे. त्यात वास्तुविशारद सामान्य माणसाशी त्याच्या भाषेत बोलतात. एरवी असा योग येत नाही.

महोत्सवातले सगळेच मला सारखे आवडते असे नाही. घोड्याच्या आकाराची मांडणशिल्पे दरवर्षी येतात, आणि त्यातली पुष्कळशी कॅमेऱ्यासाठीच केलेली असतात. मला सर्वांत मोलाचे वाटतात ते वारसा फेरफटके. वीस-पंचवीस माणसे एका वास्तुविशारदामागून चालतात आणि रोज ज्या इमारतींसमोरून बस पकडतात त्या पहिल्यांदा मान वर करून बघतात. एल्फिन्स्टन महाविद्यालयाची १८८८ची इमारत, १८७०चे ससून ग्रंथालय, १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेले, वास्तुविशारद जॉर्ज विटेटचे वस्तुसंग्रहालय, १९५२ची जहांगीर आर्ट गॅलरी, आणि १८८४चे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, हे सगळे पाच-सात मिनिटांच्या चालीत आहे. वॉटसन हॉटेलची, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची, ओतीव लोखंडाची चौकट इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणली आणि १८६०च्या दशकात इथे जोडली, हे ऐकल्यावर आयटीआयमध्ये शिकणाऱ्या एका मुलाने फेरफटका थांबवून खांबाचे सांधे तपासलेले मी पाहिले आहे. त्या मुलाला डिझाइन म्हणजे काय हे वेगळे शिकवायची गरज नव्हती.

या फेरफटक्यांमधून लोकांच्या ध्यानात येते की रॅम्पार्ट रो हे नाव कोटाच्या तटबंदीवरून आले आहे. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तट पाडला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर शहराने आपल्या सर्वांत देखण्या सार्वजनिक इमारती उभ्या केल्या. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतसमूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरवले, त्याची मुळे त्या निर्णयात आहेत. एक अडथळा काढून टाकण्याचा प्रशासकीय निर्णय दीडशे वर्षे फळ देतो, याचा पुरावा आपल्या कार्यालयापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहे.

आणि घोडा. अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा शिल्पकार जोसेफ बोहम यांच्याकडून घडवून घेतला आणि तो १८७९ मध्ये इथे बसला. १९६५ मध्ये तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे परिसराचे नाव काळा घोडा राहिले आणि घोड्याच्या जागी मोटारी उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये असोसिएशनने नवा घोडा आणला. वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची कल्पना, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचे काम. या घोड्यावर स्वार नाही, आणि हा निर्णय मला फार योग्य वाटतो. पण तो घोडाही उभा आहे वाहनतळात. त्याच्या पायाशी बसावे असे कुणाला वाटले तर बसायला जागा नाही.

महोत्सवाने मागे काहीच ठेवले नाही असे मी म्हणणार नाही, ते अन्यायाचे होईल. जमलेल्या निधीतून असोसिएशनने परिसरातल्या जतनाच्या कामांना हात दिला आहे. बाजारगेटजवळचे बमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ १८८२ मध्ये बांधलेले कारंजे आणि घड्याळाचा मनोरा ओळखू येणार नाही इतका काळवंडला होता. तो पुन्हा उजळला तो याच मार्गाने, महापालिकेच्या साथीने आणि जतनतज्ज्ञ विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली. म्हणजे संस्था आणि पालिका एकत्र काम करू शकतात, हे सिद्ध झालेले आहे. माझे मागणे त्याच्या पुढचे आहे. जुन्याचे जतन होते तसे नव्याचे रोपणही व्हावे.

महोदय, हे शहर एके काळी रस्त्यावरची वस्तू फार विचाराने बनवत होते. सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे मैलाचे दगड आपल्याच वारसा विभागाने अलीकडे शोधून, उकरून, पुन्हा वर आणले. काळ्या बेसॉल्टचा तो दगड, त्यावर खोल कोरलेला आकडा, दुसरे काही नाही. दोनशे वर्षांनंतरही वाचता येतो. मुंबईच्या पाणपोया घ्या. कुणी आईच्या, कुणी मुलाच्या आठवणीसाठी बांधल्या, पण बांधताना बघितले ते पिणाऱ्याकडे. माणसाच्या ओंजळीच्या उंचीवर नळ, खाली बैल-घोड्यांसाठी कुंड, वरती पाखरांसाठी पन्हाळ. मांडवीतले केशवजी नाईक कारंजे १८७६चे आहे. त्याच्यासमोर उभे राहून मी विद्यार्थ्यांना सांगतो की वापरणारा कोण, हे ज्याला नीट कळले त्याची वस्तू अशी होते. आणि बेस्टच्या बसवरचा मराठी आकडा! पावसात, अंधारात, गर्दीत, लांबून येणारी बस आपली की नाही हे त्या ठसठशीत आकड्याने पिढ्यान्‌पिढ्या सांगितले आहे.

आज त्याच रस्त्यावर आपण काय ठेवतो? २०२२ पासून शहरभर सौंदर्यीकरणाची कामे झाली. उड्डाणपुलांखाली चित्रे आली, खांबांना आणि झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. हेतूवर मला शंका नाही. पण रोषणाई केलेल्या खांबाखालचा पदपथ उखडलेलाच होता, आणि खांबाजवळ बसची वाट पाहणारी बाई उभीच होती. डिझाइनचा संबंध रंगाशी आणि दिव्याशी आधी नाही. तो त्या बाईला टेकायला जागा आहे का, ती बसमधून उतरल्यावर पदपथावर चढू शकते का आणि तिला स्वच्छतागृह कुठे आहे हे कळते का, याच्याशी आहे.

बाकड्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे म्हणणे तिथे नेमके कळेल. दक्षिण मुंबईच्या या वारसा पट्ट्यात म्हाताऱ्या माणसाने बसायचे ठरवले तर बसणार कुठे? जहांगीरच्या पायऱ्यांवर, दुकानाच्या कट्ट्यावर, झाडाच्या आळ्यावर. बाकडे हे सोपे काम नाही. बसण्याची उंची साधारण ४५ सेंटिमीटर हवी, त्याहून खाली गेली की गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही. उठण्यासाठी हात टेकायला आधार हवा, पण तो आधार कुणी आडवे होऊ नये म्हणून मध्ये ठोकलेल्या दांडीसारखा नको. चार महिने मुसळधार पाऊस झेलून ते लगेच कोरडे व्हायला हवे, म्हणजे पट्ट्यांमध्ये फट आणि किंचित उतार हवा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. भंगाराला किंमत असलेली वस्तू रात्रीत गायब होते, म्हणून ते विकून पैसे येणार नाहीत असे हवे. सफाई कर्मचाऱ्याचा झाडू खालून सहज जायला हवा. आणि पदपथावर ते ठेवल्यानंतर चालायला मोकळी जागा उरायला हवी. पादचाऱ्यांसाठीचे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक निवासी भागातसुद्धा किमान १.८ मीटर विनाअडथळा रुंदी मागते आणि पदपथाची उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नको म्हणते. आपल्या पदपथांवर हे दोन्ही आकडे घेऊन फिरा, किती ठिकाणी जुळतात ते दिसेल.

असे बाकडे बनवणारी मुले या शहरात आहेत. सर ज. जी. कला महाविद्यालयाची परंपरा १८५७ पासूनची आहे. पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, आणि रुपयाचे चिन्ह ज्यांनी रेखले ते उदय कुमार तिथलेच संशोधक विद्यार्थी होते. या मुलांना महोत्सवात आपण काय करायला सांगतो? नऊ दिवस टिकेल असे काहीतरी. मग ती नऊ दिवसांचे साहित्य वापरतात, नऊ दिवसांचा विचार करतात. त्यांना नऊ वर्षे टिकेल असे काहीतरी करायला सांगून बघा. गोरेगाव किंवा कुर्ल्याच्या गाळ्यात वेल्डरच्या शेजारी बसून ती ते करतील, आणि वेल्डर त्यांना जे शिकवेल ते मी वर्गात शिकवू शकत नाही.

दुसरी गोष्ट पाट्यांची. मराठी पाट्यांबद्दल कायदा झाला, वाद झाले, दंडही झाले. पाटीवर मराठी असावी हे ठरले, पण ती वाचता यावी याकडे कुणी पाहिले नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार. तेवढी जागा सोडली की मूळ अक्षराला उरणारी उंची रोमन मोठ्या अक्षरापेक्षा बरीच कमी होते. दोन्ही ओळींना सारखी पट्टी दिली की मराठी ओळ आपोआप बारीक दिसते आणि रस्त्यापलीकडून वाचवत नाही. म्हणजे मराठी ओळीला जास्त उंची द्यायला हवी. हे अक्षरकला शिकलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. ज्या शहरात र. कृ. जोशी यांनी अक्षरे शिकवली, जगभरच्या संगणकांवर पोचलेला मंगल हा टंक घडवला, ज्या शहरातल्या एक टाइप या गटाने मुक्ता आणि बालू हे टंक सर्वांना मोफत खुले केले, त्या शहराच्या रस्त्यांच्या नावांना हे ज्ञान लागू पडत नाही, याची मला खंत वाटते. काळा घोडा परिसरातल्या सगळ्या पाट्या, स्वच्छतागृह कुठे, मेट्रो कुठे, ग्रंथालय कुठे, अशा नव्याने घडवून एका महोत्सवात लावा. लोक वाचतील, चुका सांगतील. दुरुस्त करून मग शहरभर न्या.

आता ही गोष्ट अडते कुठे, ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. पालिकेचे काम दरसूचीप्रमाणे चालते. दरसूचीत जी वस्तू आहे तिचे अंदाजपत्रक होते, निविदा निघते आणि सर्वांत कमी दराचा ठेकेदार ती बसवतो. जी वस्तू सूचीत नाही तिच्यासाठी दराचे वेगळे विश्लेषण, वेगळी मंजुरी, लेखापरीक्षणात वेगळा प्रश्न. कनिष्ठ अभियंता हा त्रास का घेईल? तो सूचीतला पेव्हर ब्लॉक आणि सूचीतले रेलिंग उचलतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून चांगली वस्तू दरसूचीत घालणे हाच खरा उपाय आहे. महोत्सवात तपासलेल्या बाकड्याचे कामाचे नकाशे, साहित्याचे तपशील आणि दर एकदा सूचीत आले की मुलुंडचा अभियंता आणि मानखुर्दचा अभियंता तेच बाकडे कुणाची परवानगी न मागता बसवू शकेल. वारसा परिसरातला प्रयोग उपनगरात पोचण्याची एवढी एकच वाट मला दिसते. महोत्सवावर दक्षिण मुंबईचा म्हणून जो आक्षेप घेतला जातो, तोही यातून फिटेल.

महोत्सवातून कायमचे काय उरते, हा प्रश्न जगात इतरत्रही आहे. लंडनचा डिझाइन महोत्सव २००३ पासून भरतो. २०१८ मध्ये त्यांनी ट्रॅफल्गर चौकातल्या चार सिंहांच्या जोडीला एस डेव्हलिन यांचा पाचवा, लालभडक सिंह बसवला. लोकांनी दिलेल्या शब्दांतून तो कविता रचायचा. कल्पना अफाट होती, पण काही दिवसांत सिंह गेला आणि चौक होता तसा झाला. फ्रान्समधल्या लिऑनने वेगळी वाट धरली. तिथे ८ डिसेंबरला खिडक्यांत दिवे लावण्याची परंपरा १८५२ पासूनची. शहराने १९८९ मध्ये संपूर्ण गावाच्या प्रकाशयोजनेचा आराखडा केला, नदीकाठ, पूल, इमारती कायमच्या उजळल्या, आणि सणाचा पुढे मोठा महोत्सव झाला तो त्या कायमच्या कामाच्या आधारावर. तिथे उत्सव आणि नगरपालिका एकमेकांचे काम पुढे नेतात. रस्ते मोकळे करण्यातही सातत्य राखता येते. बोगोतामध्ये १९७४ पासून मोठे रस्ते रविवारी सकाळी मोटारींना बंद असतात. आज ते जाळे शंभर किलोमीटरहून जास्त आहे.

पण इतक्या लांब जायची गरज नाही, पुण्याला जाऊन यावे. लक्ष्मी रस्ता हा दुकानदारांचा, गर्दीचा, पार्किंगवरून भांडणांचा रस्ता. २०२१ पासून ११ डिसेंबरला पुणे महापालिका तिथे पादचारी दिन पाळते. त्याच पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, झाडांभोवती बसायच्या जागा आल्या, मुलांना खेळायला कोपरे मिळाले. तिथेही दुचाक्या पदपथावर चढतात, देखभालीच्या तक्रारी आहेत. तरी संध्याकाळी तिथे आजी-आजोबा बसलेले दिसतात, आणि माझ्या लेखी रस्त्याच्या रचनेची परीक्षा तीच.

मुंबईनेही प्रयत्न केले नाहीत असे नाही. २०१४ मध्ये वांद्र्याच्या बाजूला रविवार सकाळचे रस्ते नागरिकांनी चालण्या-खेळण्यासाठी मोकळे करून घेतले होते. २०१९ मध्ये पालिकेनेच स्ट्रीट लॅब स्पर्धा घेऊन पाच रस्त्यांच्या पुनर्रचनेसाठी तरुण वास्तुविशारदांकडून आराखडे मागवले. उत्साह होता, चांगले आराखडे आले. अशा कामांना दरवर्षी येणारी एक ठरलेली तारीख लागते, नाहीतर अधिकारी बदलतो आणि फाइल थांबते. ती तारीख महोत्सवाकडे आहे.

रॅम्पार्ट रो कायमचा पादचाऱ्यांना द्या, असे म्हटले की वाहतुकीचा प्रश्न येतो. नऊ दिवस तो रस्ता बंद असतो, त्या काळात शहर थांबत नाही. अग्निशमन गाडी आणि रुग्णवाहिका जाईल एवढी मोकळी पट्टी महोत्सवातही राखावी लागते, तीच वर्षभर राखता येईल. आधी माणसे येणार कशी हा प्रश्न रास्त होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोचली, आणि हुतात्मा चौक स्थानकातून काळा घोडा चालण्याच्या अंतरावर आला. जमिनीखाली इतका खर्च करून आपण माणसे आणतो, तर वर आल्यावर त्यांना चालायला रस्ता द्यायला हवा. वाहनतळ हलवावा लागेल हे खरे आहे. त्याची किंमत कुणीतरी मोजावी लागेल हेही खरे. ती मोटारवाल्यांनी मोजावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आजवर ती पायी चालणाऱ्यांनी मोजली आहे.

एका गोष्टीची मात्र मला भीती वाटते आणि ती आपल्यापुढे ठेवायलाच हवी. पादचारी रस्ता म्हणून सजवलेल्या जागेतून पहिल्यांदा बाहेर काढले जातात ते तिथे रोज राहणारे, राबणारे लोक. अरुण कोलटकर इथल्याच वेसाइड इन उपाहारगृहाच्या खिडकीत वर्षानुवर्षे बसत. ते सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले, जाहिरातक्षेत्रातले अव्वल ग्राफिक डिझायनर होते, हे कवी म्हणून त्यांना वाचणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. २००४ मध्ये प्रास प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या 'काला घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहात वस्तुसंग्रहालय आणि गॅलरी नायक नाहीत. तिथे रस्ता झाडणाऱ्या बाया आहेत, सकाळी इडली विकणारी बाई आहे, तिच्याभोवती जमणारी भुकेली माणसे आहेत, भटका कुत्रा आहे. एका डिझायनरने या चौकाकडे इतक्या बारकाईने पाहिले आणि त्याला चौक कुणाचा दिसला, हे आपल्या आराखडा करणाऱ्यांनी वाचावे. जहांगीरच्या बाहेर पदपथावर चित्रे लावून बसणारे कलावंत, चहावाला, वाहनतळावर गाड्या पुसणारी पोरे यांची नोंद आधी करा. नवा रस्ता त्यांना जागा देऊनच आखा. कुंपण घातलेला, रखवालदार उभा केलेला, खरेदी करणाऱ्यांपुरता उघडा असा रस्ता करायचा असेल तर तो न केलेलाच बरा.

स्त्रियांच्या स्वच्छतागृहाचा मुद्दा मी शेवटाकडे लिहितो आहे, पण तो प्राधान्यात शेवटचा नाही. या शहरातल्या महिला कार्यकर्त्यांनी २०११ पासून 'राइट टू पी' मोहीम चालवली, सर्वेक्षणे केली, पालिकेचे उंबरे झिजवले. महोत्सवात येणाऱ्या बायका तासन्‌तास पाणी न पिता फिरतात, हे माझ्या विद्यार्थिनींनी मला सांगितले. एका वर्षी नगररचना विभागाचा सगळा भर यावर द्या. प्रकाश, कडी, पिशवी टांगायला हूक, बाळाला ठेवायला जागा, पाणी जाण्याचा उतार, साफ करणाऱ्या व्यक्तीला उभे राहायला कोपरा. कलाकृतीइतकेच मन लावून करण्याचे हे काम आहे, आणि ते करताना मी जितके शिकवू शकेन तितके कुठल्याच मांडणशिल्पातून शिकवता येणार नाही.

यासाठी नवे महामंडळ नको, नवी समिती शक्यतो नको. पालिकेचा रस्ते विभाग, वारसा विभाग, 'ए' विभाग कार्यालय आणि काळा घोडा असोसिएशन यांनी दरवर्षी एक वस्तू ठरवावी. महाविद्यालयांनी नमुने बनवावेत. ते महोत्सवात रस्त्यावर ठेवावेत, नऊ दिवस लोकांनी वापरावेत, आणि निवडलेला नमुना महोत्सव संपल्यावर उचलू नये. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याने काढावा. टिकला तर दरसूचीत घ्यावा, मोडला तर का मोडला ते लिहून ठेवावे आणि पुढच्या मुलांना द्यावे.

नमुना बनवून, तपासून, दुरुस्त करून रस्त्यावर आणायला विद्यार्थ्यांना आणि कारागिरांना किमान तीन-चार महिने लागतात. महोत्सव जानेवारी-फेब्रुवारीत असतो. म्हणजे विषय आणि जागा गणेशोत्सव आटोपताच जाहीर व्हायला हव्यात. यंदाचा विषय बाकडे असावा आणि जागा रॅम्पार्ट रो, एवढा आदेश आपण काढावा, ही विनंती. महाविद्यालये कामाला लागतील, याची हमी मी शिक्षक म्हणून देतो.

आपला नम्र,
उपयोजित कलेचा एक शिक्षक,
मुंबई